नवखारची शंभर टक्के पटनोंदणी

आजच्या या हृद्य समारंभाच्या अध्यक्षा, नवखारच्या माजी सरपंच आणि आमच्या ग्राम शिक्षण समितीच्या त्या काळच्या अध्यक्ष, आदरणीय मार्गारेटताई डाबरे. व्यासपीठावर विराजमान असलेले आणि पुढच्या कार्यक्रमाची घाई चेहऱ्यावर अजिबात दिसू न देणारे गटशिक्षणाधिकारी साहेब. आजच्या सत्कारमूर्ती, निवृत्त होत असलेल्या आमच्या केंद्रप्रमुख श्रीमती वसुंधरा चुरी, म्हणजे आपल्या सर्वांच्या चुरीबाई. केंद्रातल्या चौदा शाळांमधून आलेले माझे शिक्षक बंधू-भगिनी. रविवारची दुपार मोडून बोळिंजच्या या सभागृहात आलेले ग्रामस्थ. आणि पुढे पंख्याखालच्या खुर्च्या रिकाम्या असताना मागे दाराशी बसलेली बांधपाड्याची मंडळी. सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी नरहरी सावे. नवखारच्या जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक होतो, दोन हजार एक साली निवृत्त झालो. निवेदकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. निवृत्त मुख्याध्यापकाला पाच मिनिटं देणं म्हणजे काय, हे निवेदक अजून तरुण असल्यामुळे त्यांना ठाऊक नाही.

आत्ताच बाईंना जे मानपत्र अर्पण केलं, ते आपण ऐकलंत. ‘सार्वजनिक शिक्षणात मानवी हक्क, समता आणि सुशासन या क्षेत्रांत आपण दिलेले नेतृत्व पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात राहील.’ टाळ्या छान पडल्या. ते मानपत्र मी लिहिलेलं आहे. लिहिलेलं म्हणजे, गेल्या वर्षी एका साहेबांच्या निरोपासाठी लिहिलं होतं, ते काढलं, नाव बदललं आणि ‘आपला करारी बाणा’च्या जागी ‘आपला मृदू स्वभाव’ घातलं. बाईंचा स्वभाव मृदू आहे असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पण मानपत्रात तसं चालतं. कागदावर काहीही चालतं, या एका तत्त्वावर मी छत्तीस वर्षं नोकरी केली. आज त्याच तत्त्वाविषयी दोन शब्द बोलणार आहे.

तरुण मंडळींना कल्पना नसेल म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकात आमच्या नवखारच्या शाळेची तालुक्यात मोठी ख्याती होती. शंभर टक्के पटनोंदणी! गावातलं सहा वर्षांवरचं एकही मूल शाळेबाहेर नाही. हे आम्ही कसं साधलं? फार सोपं होतं. गावाच्या टोकाला, खाडीच्या बांधाला लागून बांधपाडा. तिथली कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की मिठागरांवर कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची मुलं शाळेत येत नव्हती. आणावीत तर बांधावरून दीड मैल चालत जावं लागे. त्यापेक्षा मी शाळेच्या ओसरीवर बसून त्यांची नावं जनरल रजिस्टरात लिहिली. एकोणीस नावं. काहींची खरी नावं ठाऊक नव्हती, ती मी ठेवली. तेव्हा सरकारी पत्रकांमधून प्रगती, उन्नती, विकास असे शब्द रोज यायचे. तीच नावं मुलांना दिली. जन्मतारीख सगळ्यांची एक जून. आपल्यापैकी निम्म्यांची एक जूनच असेल, म्हणजे तुमचेही गुरुजी माझ्यासारखेच होते.

मग ही मुलं दरवर्षी वरच्या वर्गात जात राहिली. कधी आजारी पडली नाहीत, खोड्या काढल्या नाहीत. शेरा कायम, ‘प्रगती समाधानकारक’. तपासणी आली की शेजारच्या शाळेतून मुलं उसनी आणायची, त्यांच्याकडे तपासणी असली की आपली धाडायची. इतका शेजारधर्म आता गृहसंकुलांतसुद्धा दिसत नाही.

आणि या सगळ्याला ग्राम शिक्षण समितीची मान्यता होती बरं का! सुशासन म्हणजे दुसरं काय? समितीच्या सभेचं इतिवृत्त मी सभेच्या आधीच लिहीत असे. म्हणजे मागच्या सभेचं उतरवून काढत असे. मग वही घरोघर फिरे आणि सह्या होत. सभा तेवढी होत नसे. शेवटची ओळ ठरलेली, ‘आयत्या वेळचे विषय : नाहीत. सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपली.’

अशा या सुखी संसारात शहाण्णवच्या जूनमध्ये चुरीबाई केंद्रप्रमुख म्हणून रुजू झाल्या. पहिल्याच आठवड्यात त्या शाळा बघायला आल्या. आधी शाळा बघून मग चहा घेऊन गावात चक्कर, ही आमची रीत. बाई उलट्या बाजूने आल्या. आधी पाड्यावर गेल्या आणि तिथून एका बाईला आणि तिच्या मुलीला बरोबर घेऊन शाळेच्या दारात उभ्या राहिल्या. ती बाई कमळी. मुलगी असेल आठेक वर्षांची, नाव पिंकी.

“सावे गुरुजी, हिला पहिलीत दाखल करून घ्या,” बाई म्हणाल्या.

मी रजिस्टर उघडलं. बांधपाडा, आईचं नाव कमळी. बोट सरकवत गेलो, नोंद सापडली. “बाई, हिला पहिलीत घेता येणार नाही,” मी म्हणालो. “का?” “ही चौथीत आहे.”

आता खोटं बोलण्यातसुद्धा माणसाला नियम सोडवत नाही, ते बघा. मुलगी समोर उभी, तिला अक्षर येत नाही हे मला दिसतंय, आणि मी प्रामाणिकपणे तिच्या आईला समजावतोय की एकदा तिसरी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थिनीला पहिलीत प्रवेश देण्याची तरतूद नाही. शेराही वाचून दाखवला. ‘हस्ताक्षर सुवाच्य.’

कमळीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “गुरजी, माझी पोर साळंत कंदी आलीच नाय, मंग चौथीत गेली कशी?”

ती रजिस्टराकडे बघत पुढे म्हणाली, “ती कागदातली पोर लई हुशार दिसतेय. ती तुमच्याकडं ऱ्हाऊं द्या. माझी ही हाय ना, हिला पयल्यापासून शिकवा.”

अध्यक्ष महोदया, मी तेव्हा एकतीस वर्षं शिकवत होतो. शिक्षणावरची व्याख्यानं ऐकली होती, तीन दिली होती. त्यांतल्या एकाही व्याख्यानात हे नव्हतं.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं, त्याची मला सवय होती. त्यांनी पुढच्या गुरुवारी समितीची सभा लावली. खरी सभा! पाड्यावरच्या सात-आठ आया आल्या आणि बाकावर बसा म्हटलं तरी जमिनीवर बसल्या. बाईंनी मागच्या सभेचं इतिवृत्त माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “वाचा. मोठ्याने.”

मी वाचलं. ‘बांधपाड्यातील पालकांनी पाल्यांच्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त केले.’ मागून कमळीचा आवाज आला, “कंदी केला?” पुढचं वाचायची सोय राहिली नाही. मार्गारेटताई, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही वही ओढून घेतलीत, तारीख बघितलीत आणि म्हणालात, “गुरुजी, ही सही माझीच आहे, पण त्या दिवशी मी आमच्या सालोमीच्या लग्नात होते. चर्चमध्ये! मी तिथे पोरीला आशीर्वाद देत होते की इथे समाधान व्यक्त करत होते?” सगळे हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत, कारण सही तुमची होती. त्या दिवसानंतर ताईंनी न वाचता कशावरही सही केलेली नाही. पुढे सरपंचपदाच्या निवडणुकीत पडायला हेही एक कारण झालं.

चौकशीअंती असं निघालं की एकोणीस नावांपैकी अकरा मुलं खरी होती. आठ मुलं जगातच नव्हती. ती मी उत्साहाच्या भरात जन्माला घातली होती. बाईंनी त्या आठांची नावं कमी केली. खऱ्या अकरांना चौथी-तिसरीतून उठवून पहिलीत बसवलं. आणि हे सगळं जसंच्या तसं, स्वतःच्या सहीने वर कळवलं.

वरून काय यावं? अभिनंदन? वरून बाईंना खुलासा मागणारं पत्र आलं. ‘आपण रुजू झाल्यापासून केंद्रातील आठ विद्यार्थी नाहीसे झाले असून अकरा विद्यार्थ्यांची गुणवत्ता घसरून ते पहिलीत आले आहेत. याबाबत आपणास जबाबदार का धरू नये?’ बाईंनी उत्तरात लिहिलं की हे विद्यार्थी घसरलेले नाहीत, ते आत्ता सुरू झाले आहेत. आधी कुणी काय केलं होतं, ते नाव घालून लिहिलं नाही.

साहेब घड्याळाकडे बघताहेत आणि बाई मला मघापासून खुणेने खाली बसायला सांगताहेत. दोघांचीही क्षमा मागतो. अजून महत्त्वाचं यायचं आहे.

मी बाईंना विचारलं होतं, माझं नाव का नाही लिहिलं? मला वाटलं, मोठ्या मनाचं काही बोलतील, आपण डोळे पुसू. त्या म्हणाल्या, “तुम्हाला निलंबित केलं तर नवखारला दुसरा शिक्षक मिळायला वर्ष जाईल. ते वर्ष त्या पोरीचं जाईल. तुमची दया वगैरे आलेली नाही मला. दिवाळीनंतर ही मुलं मिठागरावर जातील. तुम्ही त्यांच्या मागे जायचं.”

हा तो मृदू स्वभाव. मानपत्रात दुरुस्ती करून घ्यावी.

तर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी सायकलला फळा बांधून मिठागरावर जाऊ लागलो. सकाळी सात ते साडेनऊ, मग शाळा. मिठाचा पांढरा उजेड डोळ्यांत जातो, पायाला चिरा पडतात. मुलं त्यात जन्मलेली. ती मला बांधावरून कसं चालायचं ते शिकवत आणि मी त्यांना बाराखडी. त्यांची प्रगती माझ्यापेक्षा लवकर झाली.

दहा डिसेंबरला मानवी हक्क दिन. परिपत्रक दरवर्षी यायचं, साजरा करून अहवाल पाठवा. मी दरवर्षी ओसरीवर बसून प्रभातफेरी काढत असे, म्हणजे अहवालात. त्या वर्षी त्या दिवशी मी मिठागरावर होतो. ऊन चढलं, माझी पाण्याची बाटली संपली. कमळी डोक्यावर कळशी घेऊन बांधावरून येत होती. माझ्याजवळ थांबली, कळशी उतरवली, आणि हात मागे घेऊन विचारलं, “गुरजी, आमचं पानी चालंल?”

तिने तसं का विचारलं, ते सांगतो. आमच्या शाळेत माठ होता. पाड्याचं मूल कधी चुकून आलंच, तर त्याने ओंजळ धरायची आणि गावातल्या मुलाने वरून पाणी ओतायचं. हा नियम कुणी केलेला नव्हता, म्हणून तो मोडायचं कुणाला सुचलं नाही. मला तर नाहीच. कमळीला ते ठाऊक होतं. ती स्वतः लहानपणी तशीच ओंजळ धरून माझ्याच शाळेच्या ओसरीवर पाणी प्यायली होती.

मी ओंजळ धरली नाही. कळशीवरचा पेला घेतला, बुडवला आणि प्यायलो. मला फार लाज वाटली. ती कुणाला दिसू नये म्हणून दुसरा पेला प्यायलो. त्या वर्षीचा मानवी हक्क दिनाचा अहवाल मी पाठवला नाही, त्याबद्दल मला स्मरणपत्र आलं. दुसऱ्या दिवशी मात्र माठावर लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं आणि सगळ्यांनी आपापलं पाणी घ्यायचं असं सांगितलं. गावातले चार पालक भांडायला आले. मार्गारेटताई त्यांच्यासमोर माठातलं पाणी पिऊन म्हणाल्या, “मेले नाही मी. जा आता घरी.”

इथवर गोष्ट छान आहे. इथे थांबलो असतो तर टाळ्याही मिळाल्या असत्या. पण पुढचं आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या मंदाला, म्हणजे माझ्या पत्नीलाही काल सकाळीच सांगितलं.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत बाईंच्या चौकशीसाठी एक अधिकारी नवखारला आले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. ही खोटी नावं बाई येण्यापूर्वीच रजिस्टरात होती का? अक्षर माझं होतं. शाई माझी होती. मी ‘हो’ म्हणायचं होतं, एवढंच. मी लिहून दिलं, ‘याबाबत मला माहिती नाही.’ आणि सही केली.

का केलं? कारण त्याच सुमाराला मला शंभर टक्के पटनोंदणीबद्दल गुणवंत मुख्याध्यापकाचा पुरस्कार जाहीर झाला होता. आदल्या वर्षीच्या आकड्यांवर. तो हातातून जाईल, लोक काय म्हणतील, या भीतीने केलं. दुसरं काहीही कारण नव्हतं. रोज सकाळी मी मिठागरावर त्याच मुलांना शिकवत होतो आणि त्याच हाताने ते लिहून दिलं. पुरस्कार समारंभाला बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल घेताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

बाईंच्या सेवापुस्तकात नोंद झाली. ‘पटसंख्येत घट झाल्याबद्दल सक्त ताकीद.’ त्यानंतर विस्तार अधिकाऱ्यांच्या पदोन्नतीची यादी तीनदा निघाली आणि तिन्ही वेळा बाईंचं नाव त्या ताकिदीमुळे मागे राहिलं. म्हणून आज केंद्रप्रमुख या पदावरून आपण त्यांना निरोप देतो आहोत, ज्या पदावर त्या तेरा वर्षांपूर्वी आल्या. मघाशी एका वक्त्यांनी त्याला ‘पदाचा मोह नसणे’ म्हटलं. मोह नव्हता हे खरं, पण पद मी घालवलं. बाईंनी बारा वर्षांत मला एकदाही त्याबद्दल विचारलं नाही. मी त्यांच्याशी बोलायला अनेकदा आचोळ्याला त्यांच्या घरी गेलो. दर वेळी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी नेली, चहा प्यायलो, आणि हवापाण्यावर बोलून परत आलो.

त्या अकरा मुलांचं काय झालं? चांगलं भाषण असतं तर सगळी शिकली असं म्हणालो असतो. पाच दहावीपर्यंत पोचली. तीन मिठागरावर परतली. तिघांचा ठावठिकाणा मला माहीत नाही, आणि या वेळी ‘माहीत नाही’ हे खरं आहे. त्या पाचांतली एक पिंकी. दोन वर्षांत चार इयत्ता करून ती पाचवीला गेली. गेल्या वर्षी ती आपल्याच नवखारच्या शाळेत शिक्षणसेविका म्हणून लागली. तिला आपण सगळे उन्नती वाघ म्हणून ओळखता. जनरल रजिस्टरात एकदा चढलेलं नाव बदलायचं म्हणजे हेलपाटे, कमळी म्हणाली, “ऱ्हाऊं द्या, नाव बरं हाय.” तारीखही तीच राहिली. त्यामुळे ती खऱ्या वयापेक्षा दोन वर्षं आधी निवृत्त होणार आहे. मी तोवर नसेन, तेव्हा आत्ताच तिची माफी मागून ठेवतो.

गटशिक्षणाधिकारी साहेब, हे पाकीट आपल्यासाठी. यात माझा खुलासा आहे, बारा वर्षं उशिरा. खोटी नावं मी लिहिली, बाई येण्याआधी लिहिली, आणि चौकशीत खोटं बोललो, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. बाईंचं सेवापुस्तक आज संध्याकाळी बंद होणार. ते बंद होण्याआधी ती ताकीद माझ्या नावावर करता येते का ते बघा. पुरस्काराची ढाल या पिशवीत आहे. ती कुठे परत करायची असते, याची तरतूद मला सापडली नाही, म्हणून आपल्याकडेच देतो.

बाई, तुम्ही मघापासून बसा बसा म्हणताय. बसतो. या आयुष्यात एवढी एक आज्ञा मोडू द्या.

अध्यक्ष महोदया, या समारंभाचं इतिवृत्त लिहिण्याचं काम त्या कोपऱ्यातल्या टेबलावर उन्नतीकडे दिलेलं आहे. ती मघापासून पेन थांबवून माझ्याकडे बघते आहे, हे लिहायचं का म्हणून. लिही, बाळ. आयत्या वेळचे विषय, एक. आणि कमळी, तू तिथे दाराशी का बसलीस? पुढे ये. या खुर्च्या रिकाम्या आहेत आणि इथे पंखा आहे.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, आपण ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पाच मिनिटांची वीस केली, साहेबांचा पुढचा कार्यक्रम चुकवला, शुद्धलेखनाची सवय असल्यामुळे बोलताना अडखळलो, तेवढ्याबद्दल मोठ्या मनाने क्षमा करा. बाकीच्याबद्दल क्षमा करू नका, ते इतिवृत्तात घ्या. उन्नती, वही इकडे आण, माझी सही आत्ताच घे. नंतर घरी पाठवू नकोस. आज मी सभेला हजर आहे.